साक्षीचं पाणी

१

थोरलीचं हाड दिसलं तेव्हा मी हॉलमध्ये केर काढत होते.

थोरली म्हणजे माणूस नव्हे. आमच्या हॉलच्या भिंतीला लागून खाऱ्या पाण्याचा मोठा टँक आहे, त्यात सासूबाईंनी आणून ठेवलेलं हे पहिलं प्रवाळ. हिरवंगार, मांसल, वळ्यावळ्यांचं. दिवा लागला की फुगून दुप्पट व्हायचं. टँकमधल्या सगळ्याच प्रवाळांना सासूबाई ‘लेकी’ म्हणायच्या, आणि ही त्यातली थोरली. सासूबाई गेल्या त्याला वर्ष उलटून गेलं. मागे राहिलेल्या लेकी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पदरात घेतल्या. देवघरात घालवायचे त्याहून जास्त वेळ ते या काचेपुढे घालवू लागले. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. भक्ती ती भक्तीच.

पण अलीकडे एकेक लेक जात होती. आधी काचेवरच्या गोगलगायी पडल्या. मग जांभळी फांदी पांढरी झाली, मग तिची शेजारीण. मासे तेवढे इकडून तिकडे हुंदडत होते, जणू घरात काही घडलंच नाही. आणि आज थोरलीच्या कडेचं मांस आक्रसून मागं सरलं होतं, खालचा पांढराफटक सांगाडा उघडा पडला होता.

मी झाडू तिथंच टाकला आणि हाक मारली. बाबा आले. काचेला कपाळ टेकवून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “काय घातलंस पाण्यात?”

“बाबा, मी कशाला...”

“पाण्यात खोट नाही. दर रविवारी मोजतो मी. खारटपणा पस्तीस म्हणजे पस्तीस, इकडचा तिकडे नाही. पाणी बरोबर आणि लेकी मरतायत, म्हणजे बाहेरून काहीतरी पडलंय. ती निळी फवाऱ्याची बाटली घेऊन काच कोण पुसतं या घरात?”

मीच पुसते. बाहेरून पुसते, फडक्यावर फवारून पुसते. हे सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी हातानं थांबवलं.

“हिच्या आईनं... तुझ्या सासूनं जाताना एवढंच मागितलं होतं माझ्याकडे,” ते म्हणाले. “ही गेली, तर मी तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही.”

आणि खरंच, त्या दुपारी ताट तसंच परत आलं. संध्याकाळचंही. माझा नवरा दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत होता. वडिलांपुढे त्याची जीभ टाळूला चिकटते. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं फरशीकडे पाहिलं.

मी पलंगाखालची बॅग काढली. रविवारी सकाळच्या गाडीनं माहेरी जायचं ठरवलं. मग मनात आलं, जायचं तर जाऊ, पण खुनी म्हणून का जाऊ? आणि मी अक्कांना फोन लावला.

२

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. हजारो घरांच्या नळाला येणारं पाणी त्यांच्या सहीशिवाय पुढं सरकत नसे. आता निवृत्त आहेत, भजनं गुणगुणतात आणि बोलताना दोन बोटांनी मांडीवर ठेका धरतात. ठेका थांबला की समजावं, त्यांना काहीतरी खटकलंय.

शनिवारी सकाळी त्या आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, “भावड्या, उपास धरलायस म्हणे. देवासाठी धरलायस की सुनेवर धरलायस?”

“थट्टा नको, अक्का. घरात विष घातलं जातंय.”

“असेल. आधी पाण्याला विचारू, माणसांना मागाहून. तुझं ते मोजमाप दाखव बघू.”

“आज शनिवार आहे.”

“मग आज पाणी सुट्टीवर असतं का?”

बाबा उठले. टँकशेजारच्या फडताळातून त्यांनी ‘दुर्बीण’ काढली. आमच्या घरात तिला दुर्बीणच म्हणतात: बोटभर लांबीची नळी, एका टोकाला तिरपी काच, वर झाकण. काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळ्याला लावायची. आत वर निळं आणि खाली पांढरं दिसतं. दोन्ही रंग जिथं भेटतात त्या रेघेवरचा आकडा म्हणजे खारटपणा, हजार भाग पाण्यात मिठाचे भाग किती ते.

दुर्बिणीमागून त्यांनी एक छोटी बाटली काढली, दोन्ही हातांनी, तीर्थाची असावी तशी. तिच्यावर सासूबाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘पस्तीस’. हे साक्षीचं पाणी. सासूबाई शाळेत रसायन शिकवायच्या. त्यांनी मीठ तोलून हे पाणी तयार केलं होतं, अगदी अचूक पस्तीसचं. त्या म्हणायच्या, दुर्बीण आपल्या मनानं सरकते, तिला आधी साक्षीसमोर उभी करायची. म्हणून बाबा आधी या बाटलीतला थेंब ठेवत, रेघ पस्तीसवर नसली तर बारीकसा स्क्रू फिरवून ती तिथं आणत, आणि मगच टँकचं पाणी मोजत.

त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. स्क्रू केसभर फिरवला. मग टँकचा थेंब. “बघ. पस्तीस.”

अक्कांनी बघितलं. “पस्तीस,” त्या म्हणाल्या. “आणि बाकीचं? कॅल्शियम, मॅग्नेशियम?”

“ते ती मोजायची. त्यात गुलाबीचं निळं व्हायची वाट बघावी लागते. मला ते दोन्ही रंग सारखेच दिसतात, तुला माहितीय.”

अक्कांनी पिशवीतून स्वतःच्या नळ्या, कुप्या काढल्या आणि जेवणाचं टेबल अडवलं. थेंब मोजताना ओठ भजनासारखे हलत होते. आधी तांबं तपासलं. नाही. मग अमोनिया, कारण निळ्या फवाऱ्यात तोच असतो. नाही. माझा श्वास मोकळा होतोय तोवर त्यांनी कॅल्शियम मोजलं, मग मॅग्नेशियम. मग दोन्ही पुन्हा पहिल्यापासून.

ठेका थांबला होता.

“विष नाहीये,” त्या म्हणाल्या. “पण भावड्या, पाणी बरोबरही नाहीये.”

३

“कॅल्शियम चारशे ऐंशी, मॅग्नेशियम चौदाशे ऐंशी,” रस्त्यानं चालताना अक्का मला म्हणाल्या. “दोन्ही भरमसाठ. एवढं आलं कुठून?”

आम्ही मासेवाल्याकडे निघालो होतो. टँकसाठी लागणारं मीठ त्याच्याच दुकानातून येतं. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना काचा, बुडबुड्यांचा आवाज आणि ओलसर वास. मासेवाला जाळीनं एक मेलेला मासा हळूच बाहेर काढत होता. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून त्यानं तो मुठीत लपवला.

“या, अक्का! ताजं काय दाखवू?”

“मुठीत आहे ते नको,” अक्का म्हणाल्या.

तो ओशाळून हसला. अक्कांनी विचारलं, मीठ बदललंस का? दुसऱ्याच कुणाचं भरतोस का त्याच पिशवीत? त्यानं शपथांवर शपथा घातल्या आणि बंद पिशवी पुढं केली. पिशवीवर छापलेलंच होतं: पस्तीसचं पाणी केलं तर कॅल्शियम चारशे वीस, मॅग्नेशियम बाराशे पंचाण्णव. अक्कांनी ते दोनदा वाचलं, मग डोळे मिटून मनात काहीतरी भागाकार केला.

“मीठ तेच आहे हो,” मासेवाला म्हणाला. “उलट तुमचे बाबा माझ्यावरच खेकसतात. मीठ पातळ झालंय म्हणतात, पूर्वीइतकं घातलं तर पस्तीस येतच नाही म्हणतात. हल्ली पिशवी बघता बघता संपते त्यांची. मी म्हटलं, बाबा, मिठात मी काय पाणी घालणार?”

अक्कांनी पिशवी त्याच्या हातात परत दिली. आम्ही वळलो, तेवढ्यात त्यानं मागून हाक दिली. “वहिनी, ते टँक न्यायचं मग कधी पक्कं करायचं?”

“कुठला टँक?”

“तुमचाच. साहेबांनी फोन केला होता ना. म्हणाले, आतलं सगळं गेलं की सांगतो, घेऊन जा.”

साहेब म्हणजे माझा नवरा.

४

तो गच्चीत कपडे वाळत घालत होता. घरात धुसफूस झाली की त्याला घरकाम सुचतं.

“तू फोन केलास?” मी विचारलं. “आतलं सगळं गेलं की? म्हणजे तुला ठाऊक होतं?”

त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. अक्का पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “बाळ्या, आता फरशीकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघ.”

“मी काही घातलं नाही, आत्या. देवाशप्पथ. मरतायत हे दिसतच होतं की.” त्यानं वाकून चिमटा उचलला. “आई गेली त्या दिवसापासून बाबा माझ्याशी आईबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. त्या काचेशी बोलतात. रोज. मी शेजारी बसलेलो असतो आणि ते काचेशी बोलतात. मला वाटलं, एकदाचं ते पाणी संपू दे. संपलं की माझ्याकडे बघतील.”

“आणि मला खुनी ठरवलं तेव्हा?” मी विचारलं.

तो रडायलाच लागला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. घरात तीन माणसं आणि तिघंही एकाच बाईसाठी वेगवेगळ्या कोपऱ्यात रडत होतो, एवढंच डोळ्यांपुढं आलं.

“मनात येणं वेगळं आणि पाण्यात घालणं वेगळं,” अक्का म्हणाल्या. “देव मनातलंही बघतो, पण मी प्रयोगशाळेची बाई, मी पाण्यातलंच बघते. डोळे पूस. दोषी तू नाहीस.” मग माझ्याकडे वळल्या. “पोरी, ते दुर्बिणीचं फडताळ तू पुसतेस ना? काय पुसतेस तिथं?”

“धूळ.”

“नुसती धूळ?”

मी आठवू लागले. “पांढरी भुकटी असते. साक्षीच्या पाण्याच्या बाटलीला, टोपणाखाली. खरखरीत, नखानं काढावी लागते. पुसली की पुन्हा येते. एकदा बाटली उचलून नीट पुसायला गेले तर बाबा ओरडले, तिला हात लावायचा नाही म्हणून. टोपणाला चीर गेलीय तेही सांगायचं होतं, पण...”

अक्कांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा चेहरा उतरला होता. विजयाची म्हणून काही खूण नव्हती त्यावर.

“पांडुरंगा,” त्या पुटपुटल्या. “हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं.”

५

बाबा काचेपुढच्या खुर्चीत होते. दोन दिवसांच्या उपासानं गाल आत गेले होते. अक्का त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि कीर्तनाला उभं राहताना बुवा घेतात तसा एक लांब श्वास त्यांनी घेतला.

“भावड्या, आकडे सांगते, ऐक. पिशवीवर कॅल्शियम चारशे वीस लिहिलंय, टँकमध्ये आहे चारशे ऐंशी. साठ जास्त, म्हणजे सातवा हिस्सा जास्त. मॅग्नेशियम बाराशे पंचाण्णव हवं, आहे चौदाशे ऐंशी. तेही सातवा हिस्साच जास्त. सुनेनं विष घातलं असतं तर हे वाढलं नसतं. कुणी कॅल्शियमचं औषध सांडलं असतं तर एकटं कॅल्शियम वाढलं असतं. मीठ भेसळीचं असतं तर एक चढलं असतं, एक उतरलं असतं. पण सगळं एकाच मापानं चढलंय. ते कधी होतं? सगळं पाणीच जास्त खारट असतं तेव्हा.”

“पण पस्तीस आहे!” बाबा ओरडले. “तू स्वतः बघितलंस!”

“दुर्बिणीनं पस्तीस म्हटलं ते बघितलं. पस्तीसमध्ये सातवा हिस्सा घातला की किती होतात?”

“चाळीस,” माझा नवरा हळूच म्हणाला.

“पोरी, फिल्टरचं शुद्ध पाणी आण वाटीत. ज्यात मिठाचा कण नाही असं.”

मी आणलं. अक्कांनी दुर्बिणीची काच कोरडी केली, त्यातला थेंब ठेवला आणि दुर्बीण बाबांच्या हातात दिली. “गोडं पाणी. रेघ कुठं असायला हवी?”

“शून्यावर.” बाबांनी डोळ्याला लावली. “रेघ दिसत नाही. सगळं निळंच आहे. थेंब लागला नसेल.”

अक्कांनी पुन्हा थेंब ठेवला, चांगला भरघोस. बाबांनी पुन्हा बघितलं. मग दुर्बीण खिडकीकडे वळवून आणखी एकदा.

“रेघ शून्याच्याही खाली बुडालीय, भावड्या,” अक्का अगदी हळू म्हणाल्या. “तुझी दुर्बीण सांगतेय की या पाण्यात काहीच नाही त्याहून कमी मीठ आहे. असं पाणी देवानं निर्माण केलेलं नाही.”

मग त्यांनी स्क्रू उलट्या बाजूला फिरवला. बराच फिरवावा लागला. रेघ शून्यावर आणली, काच पुसली, टँकचा थेंब ठेवला आणि दुर्बीण माझ्याकडे दिली.

मी डोळ्याला लावली. निळं आणि पांढरं चाळीसवर भेटत होतं.

“स्क्रू कुणी बिघडवला?” बाबांनी विचारलं. माझ्या मते त्यांना तेव्हाच उमगलं होतं, फक्त कुणीतरी दुसऱ्यानं म्हणावं असं वाटत होतं.

“आपण सगळ्यांची झडती घेतली,” अक्का म्हणाल्या. “सुनेची, मुलाची, मासेवाल्याची. साक्षीदाराची उलटतपासणी कुणीच घेतली नाही.” त्यांनी ती छोटी बाटली उजेडात धरली. टोपणाची चीर पांढरी दिसत होती. “हे पाणी तिनं माझ्या प्रयोगशाळेत बसून केलंय, माझ्या तराजूवर. त्या दिवशी ते पस्तीसच होतं. पण चिरेतून पाणी उडत राहिलं. मीठ उडत नाही, रे. ते मागं राहतं आणि पाणी घट्ट होत जातं. पस्तीसचं छत्तीस झालं, अडतीस झालं, चाळीस झालं. तू दर रविवारी स्क्रू एकाच बाजूला केसभर फिरवून चाळीसला पस्तीस म्हणायला लावलंस. मग टँकचं पाणी पातळ दिसू लागलं, आणि तू मीठ घालत गेलास.”

बाबांनी बाटलीसाठी हात पुढं केला. अक्कांनी दिली. त्यांनी अंगठा चिठ्ठीवरून फिरवला.

“नवी करायची म्हणजे ही टाकायला लागली असती,” ते म्हणाले. “तिनं शेवटची केलेली... मी कशी टाकू?”

“कुणी टाक म्हटलं नसतं.”

“मी मारल्या,” बाबा म्हणाले. “तिच्या लेकी मीच मारल्या. आणि हिला...” काचेपुढं ते गुडघ्यावर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. माझा नवरा गेला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. पाठीवर हात ठेवावा की नाही ते त्याला कळत नव्हतं. मग ठेवला.

६

रडं ओसरल्यावर बाबा एकदम उठले. बादलीभर गोडं पाणी घेऊन निघाले, ते अक्कांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं.

“एकदम ओतलंस तर उरलेलीही आजच जाईल. चढलं तसं हळूहळू उतरवायचं. तांब्याभर काढायचं, तांब्याभर घालायचं, आणि मोजायचं.”

“तोवर थोरली टिकेल?”

“ते मला नाही माहीत, भावड्या. खोटं कशाला बोलू?”

मग बाबांनी शेवटचा धागा धरून बघितला. “या बाटलीत पाणी घालून ती पुन्हा पस्तीसची नाही का करता येणार? मीठ तर तिनं घातलेलंच आहे आत.”

अक्कांनी मान हलवली. “दर रविवारी तू त्यातले थेंब काढलेस. त्यांच्याबरोबर मीठही गेलं. किती गेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

बाबांनी बाटली सासूबाईंच्या फोटोशेजारी नेऊन ठेवली. फडताळातली तिची जागा रिकामी राहिली, गोल पांढरी कड तेवढी उमटलेली.

अक्कांनी बरोबर छोटा तराजू आणला होता. संध्याकाळ होईतो त्यांनी टेबलावर बसून मीठ तोललं, पाणी तोललं, नव्या बाटलीत भरलं, टोपण पिळून बसवलं. मग चिठ्ठी आणि पेन बाबांपुढं सरकवलं.

बाबांनी पेन उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“तू लिही.”

मी लिहिलं: ‘पस्तीस’. माझं अक्षर सासूबाईंसारखं नाही, गिचमिड आहे.

“खाली टाकून द्यायचा महिना पण लिही,” ते म्हणाले. “आणि त्या महिन्यात माझं ऐकू नकोस. टाकूनच दे.”

मी लिहिलं. माझ्यापुढं पाण्याचा पेला होता. त्यांनी तो ओढून घेतला आणि गटागटा संपवला. माफी मागण्याची रीत बाबांना कधी आली नाही. पेला रिकामा करून त्यांनी माझ्यापुढं परत ठेवला, एवढंच.

मी टँकजवळ गेले. थोरलीची कडा पांढरी होती, आणखी थोडी मागं सरली होती. मधल्या वळीत हिरवं मांस हाडाला घट्ट धरून होतं. फुगलेलं नव्हतं. पण सोडलंही नव्हतं.

आतल्या खोलीत पलंगावर माझी बॅग भरून तयार होती, दारातून तिचा पट्टा दिसत होता. बाबांनी तो पाहिला. काचेकडे तोंड फिरवून ते म्हणाले, “उद्या रविवार आहे, सूनबाई. मोजायला तू बस. मी तांब्या धरतो.”

नवऱ्यानं आत जाऊन बॅगेची चेन उघडली.